पाचवी रांग

१

एका रात्रीत बावीस घरटी रिकामी झाली होती, आणि त्या रात्री राखणीला असलेला माणूस एकेकाळी पोटासाठी कासवाची अंडीच चोरायचा. यात तपास तो काय करायचा, असं संस्थेच्या मुख्य कार्यालयात सगळ्यांना वाटत होतं. बोटीत बसल्या बसल्या बाईंनाही तसंच वाटलं. त्याची त्यांना पुढे फार लाज वाटली.

बाई म्हणजे संस्थेच्या उपसंचालिका. नदीकाठच्या लोकांना रोजगार आणि नदीतल्या कासवांना जीवदान, असं या संस्थेचं दुहेरी काम. तिचं अंडी उबवण्याचं केंद्र नदीतल्या एका बेटावर होतं. पत्र्याच्या तीन खोल्या, पाण्याची एक टाकी, राखणदाराची झोपडी आणि तारेच्या कुंपणातलं वाळूचं मैदान, एवढाच सगळा पसारा. धरणातून पाणी सोडलेलं, त्यामुळे चारही बाजूंनी गढूळ लोंढा वाहत होता. बोट दिवसातून दोनदाच यायची, सकाळी आठला आणि दुपारी चारला. आठच्या बोटीने बाई उतरल्या. चारच्या बोटीने वन अधिकारी येणार होता, राखणदाराला धरून न्यायला.

"मॅडम, मी त्याला सामानाच्या खोलीत बंद केलंय," केंद्रप्रमुख धक्क्यावरच म्हणाला. "पळून जाईल कुठे म्हणा! पण उगाच जोखीम कशाला?"

या केंद्रप्रमुखाला बेटावर सगळे 'पट्टीसाहेब' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तो रांगा आखायचा त्या पट्टी लावून, वहीत रेघ मारायचा ती पट्टी लावून, आणि माणसाशी बोलतानाही मधे पट्टी ठेवल्यासारखा बोलायचा. कामाला चोख माणूस. त्याला नेमलं होतं बाईंनीच.

अडचण अशी की सामानाच्या खोलीत कोंडलेल्या राखणदार मामालाही बाईंनीच आणलं होतं, अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा त्या कार्यालयात नव्हत्या, गुडघ्याएवढ्या वाळूत होत्या. अंडी शोधायची तर अंडी चोरणाऱ्याइतका जाणता माणूस दुसरा नाही, म्हणून त्यांनी मामाला चोरी सोडायला लावून राखणीला ठेवलं. मामा त्याआधी दोनदा पकडला गेला होता. तिसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं, आणि जामीन नाही. मामाचं वय आता पासष्ट. सात वर्षांनी तो बाहेर येईल, याची खात्री कुणी द्यावी?

२

सामानाच्या खोलीत बादल्या, लाकडी पाट्या आणि मामा. पत्रा तापलेला. मामा उलट्या बादलीवर बसला होता. बाईंना बघून तो उठला आणि पुन्हा बसला.

"बाई, मी नाही केलं."

"मग कुणी केलं?"

मामाने शेजारची कललेली बादली सरळ केली.

"मामा, झोप लागली होती का? खरं सांगा, त्यात काही पाप नाही."

"नाही लागली."

"बाहेरचं कुणी आलं होतं?"

"कुणी नाही."

"मधे कुठे गेला होतात?"

"अंधार पडता पडता साहेबांनी वरच्या टोकाला धाडलं, पाणी चढतंय का बघायला. तासाभरात परत आलो. मग उजाडेपर्यंत कुंपणापाशीच."

"म्हणजे तुम्ही जागे, बाहेरचं कुणी आलं नाही, आणि सकाळी बावीस खड्डे उकरलेले?"

"एवढंच मला सांगता येतं, बाई."

मामाचा आवाज खाली गेला होता, पण डोळे वर होते. बाईंनी चोर पुष्कळ बघितले होते. पकडलेला चोर गोष्टी रचतो. हा माणूस उलट एकेक शब्द गिळत होता. त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि ते सांगायला तो घाबरतोय, हे त्यांना स्पष्ट दिसलं. बाईंनी दार ओढून घेतलं. बाहेर मामी उभी होती. मामी म्हणजे मामाची बायको, केंद्राचा स्वयंपाक तीच बघायची. तिने बाईंचं मनगटच धरलं.

"बाई, चार वाजता त्यांना नेतील का हो?"

"बघू," बाई म्हणाल्या, आणि या बघूचा त्यांना स्वतःलाच राग आला.

मग त्या कुंपणात शिरल्या. इथली पद्धत अशी. नदीकाठी मादीने घातलेली अंडी काठावरचे बारा राखणदार पहाटे बादलीतून आणतात. अंडं ज्या बाजूने वर होतं तीच बाजू वर राहावी म्हणून त्यावर पेन्सिलने फुली मारतात. मग माणसाचा हात खांद्यापर्यंत आत जाईल इतका खोल खड्डा काढून त्यात सत्तर-ऐंशी अंडी पुरतात आणि वर पाटी रोवतात, क्रमांक आणि तारीख लिहून. अशा शंभर पाट्या पाच रांगांत उभ्या होत्या. शेवटची, पाचवी रांग बावीस पाट्यांची, आणि तीच उकरलेली.

बाईंनी चष्मा काढून ठेवला, बाही वर केली आणि पहिल्या खड्ड्यात हात घातला. हात कोपरापर्यंत गेला आणि थांबला. खाली वाळू दगडासारखी घट्ट होती. त्यांनी दुसऱ्या खड्ड्यात हात घातला, तिसऱ्यात घातला. सगळीकडे कोपर, आणि त्याखाली कधी कुणी हात न लावलेली वाळू.

सोळाशे अंडी उपसली म्हणतात. पण त्या अख्ख्या रांगेत एकही फुटलेलं कवच नव्हतं, बलकाचा एक डाग नव्हता, एक मुंगी नव्हती. बाई वाळूत तशाच बसून राहिल्या. अंडी कोपराच्या खाली असतात. मग कोपरापर्यंतच उकरून चोराने नेलं तरी काय?

३

केंद्रात चौथं माणूस एक संशोधक मुलगी होती. तिचा प्रबंध अजून पुरा व्हायचा होता, पण बेटावर तिला आधीच 'डॉक्टरीण' करून टाकलेलं होतं. प्रत्येक घरट्यात एक नळी आणि नळीत तापमापक, आणि रोज सकाळी त्याची नोंद करणं हे तिचं काम.

"वही बघू," बाई म्हणाल्या.

डॉक्टरिणीने वही छातीशी धरली. "मॅडम, वहीत काय बघायचंय? चोरी तर..."

"पाचव्या रांगेचं तापमान बघायचंय."

मुलीचा चेहरा पडला. तिने वही टेबलावर ठेवली आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बाई पानं उलटत गेल्या. अंड्यात जीव वाढायला लागला की घरटं आतून तापतं. शेवटी शेवटी आजूबाजूच्या वाळूपेक्षा एक-दीड अंश जास्त. तुलनेसाठी कोपऱ्यात एक रिकामा खड्डा मुद्दाम ठेवलेला असतो. पहिली रांग, दुसरी, तिसरी, सगळ्या रिकाम्या खड्ड्यापेक्षा गरम. चौथीसुद्धा. आणि चौथीनंतर दोनच दिवसांनी पुरलेली पाचवी रांग? बावीसच्या बावीस घरटी, रोजच्या रोज, अगदी रिकाम्या खड्ड्याइतकीच गार.

"हे तुझ्या लक्षात आलं नाही?"

"आलं," मुलगी खिडकीला म्हणाली. "साहेबांना विचारलं. ते म्हणाले, अंडी फळली नसतील. मी म्हटलं, बावीसच्या बावीस घरट्यांतली? तर म्हणाले, तुझ्या शिफारसपत्रावर सही कुणाची लागते, ते आठवतं ना?" ती वळली. डोळे भरून आले होते. "मॅडम, चार वर्षं झाली. मला इथून बाहेर पडायचंय हो. पण वहीत मी खोटं नाही लिहिलं. एकही आकडा नाही."

बाईंना तिचा राग यायला हवा होता. आला नाही. ती पाचवी रांग कुणी पुरली, एवढंच त्यांनी विचारलं.

"साहेबांनी स्वतः. मामांना आठवडाभर वरच्या काठावर गस्तीला धाडलं होतं. मी गावाला. परत आलो तर पाट्या उभ्या."

बाईंच्या डोक्यात चित्र जुळत आलं होतं. तेवढ्यात बाहेर पट्टीसाहेबाची हाक आली, कधी नव्हे ती मोठ्याने.

"मॅडम! लवकर या! सापडलं!"

स्वयंपाकघराच्या दारात खिळ्याला मामाची कापडी पिशवी अडकवलेली असायची. पट्टीसाहेबाने ती उलटी धरली होती, आणि त्याच्या तळहातावर पांढरंशुभ्र गोल अंडं होतं. अंड्यावर पेन्सिलची फुली. मामीने भिंतीला पाठ टेकली आणि ती हळूहळू खाली बसत गेली.

४

अंडं कार्यालयाच्या टेबलावर, एका घडी केलेल्या रुमालावर ठेवलं. मामालाही आणून समोर उभं केलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता.

"आता आणखी काय पुरावा हवा?" पट्टीसाहेब म्हणाला. "बाकीची रातोरात बोटीतून गेली, एक मागे राहिलं."

"हे पाचव्या रांगेतलंच, याची तुम्हाला खात्री आहे?" बाईंनी विचारलं.

"अर्थात! चोरी त्याच रांगेत झाली ना!"

"पाचवी रांग फुटायला अजून किती दिवस होते?"

"एकवीस," तो पाठ म्हटल्यासारखा म्हणाला. "तक्त्यात आहे."

बाईंनी अंडं उचललं. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना जे नुसतं धरून कळायचं, ते आताही कळलं. त्यांनी ते पुन्हा रुमालावर ठेवलं आणि म्हणाल्या, "बसा सगळे. थोडं थांबू."

"कशासाठी?"

"बसा तर."

खोलीत चार माणसं आणि एक अंडं. खिडकीतून नुसता पाण्याचा आवाज येत होता. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. पट्टीसाहेब घड्याळ बघायला लागला. आणि मग कुणी हात न लावता ते अंडं रुमालावर हललं. दारातून डोकावणारी मामी "अगं बाई!" म्हणून मागे सरली. कवचावर केसाएवढी चीर उमटली, चीर वाढली, आणि तिच्यातून एक इवलंसं ओलं नाक बाहेर आलं.

डॉक्टरिणीच्या तोंडून शब्द निघून गेला, "पहिली रांग!"

"पहिलीच," बाई म्हणाल्या. "या आठवड्यात फुटायची ती फक्त पहिली रांग. पाचवीतलं अंडं आज फुटूच शकत नाही, एकवीस दिवस बाकी आहेत. हे कुणीतरी पहिल्या रांगेतून उचलून पिशवीत टाकलं. आता सांगा, कुणी? मामाने? अकरा वर्षं ज्याचा हात वाळूत आहे, त्याला नुसत्या स्पर्शाने कळतं की हे आज-उद्या फुटणार. असं अंडं तो चुलीशेजारी टांगेल? ही मुलगी? हिला तर कुठलं घरटं कितव्या दिवशी आहे ते तोंडपाठ. ज्याला आकडे कळतात पण अंडं कळत नाही, असा एकच माणूस या बेटावर आहे. त्याला सगळी अंडी सारखीच दिसतात."

पट्टीसाहेब उभा राहिला आणि उभाच राहिला.

"आणि चोरी झालीच नाही," बाई पुढे म्हणाल्या. "पाचव्या रांगेत कधी अंडी नव्हतीच. खड्डे कोपराएवढे, खालची वाळू कुणी हलवलेली नाही, घरटी पहिल्या दिवसापासून गार. पुढच्या आठवड्यात आपल्याला पैसा पुरवणारे परदेशातले मदतकर्ते येणार आणि कुठलंही घरटं उघडा म्हणणार. त्याआधी ती रांग चोरीला जायलाच हवी होती. परवा मामाला तासभर वरच्या टोकाला धाडलं ते त्यासाठी."

मामाने डोळे मिटून घेतले. बाई त्याच्याकडे वळल्या. मघाच्या गिळलेल्या शब्दांचा अर्थ त्यांना आता कळला होता.

"मामा, तुम्हाला माहीत होतं. पाचवी रांग रिकामी आहे हे."

"गस्तीवरनं आलो त्याच दिवशी कळलं. पायाखाली वाळू बोलते, बाई."

"मग सांगितलं का नाही? मला एक निरोप धाडायचा!"

"काय सांगू?" मामा पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "इथं अंडी नाहीत, असं एका अंडीचोरानं सांगायचं? लोक पहिलं काय विचारतील? कुठं गेली, म्हणून! बोललो असतो तर महिन्याआधी गेलो असतो. नाही बोललो तर आज चाललोय. मधे एवढा एक महिना बायकोबरोबर मिळाला."

५

पट्टीसाहेबाने बाईंशी एकट्याने बोलायची विनंती केली. बाकीचे बाहेर गेले. मामीने ते पिल्लू ओल्या वाळूच्या पातेल्यात घालून नेलं.

"पहिल्या दिवशी मी एकच घरटं जास्त लिहिलं, मॅडम," तो म्हणाला. "मग हात थांबेना. माझी नेमणूक अकरा महिन्यांची. दर वर्षी तुमच्या दारात उभं राहायचं. अठ्ठ्याहत्तर झाली आणि पाणी चढलं, काठ बुडाले. आणखी अंडी कुठून आणू?"

"मग अठ्ठ्याहत्तर लिहायची!"

"लिहिली होती."

त्याने खिशातून फोन काढला, शोधून एक निरोप समोर धरला. बाईंनी चष्मा लावला. निरोप त्यांचाच होता. 'अठ्ठ्याहत्तर चालणार नाही. अर्जात शंभर म्हटलंय. शंभर करा. कसे ते तुम्ही बघा.'

बाईंना तो दिवस आठवेना. हीच गोष्ट त्यांना सगळ्यांत जास्त लागली. दोन बैठकांच्या मधे, जिना उतरताना वगैरे, त्यांनी हे लिहिलं असणार. मदतीच्या अर्जात शंभर का लिहिलं होतं? त्याचंही कारण काही नव्हतं. शंभर ऐकायला बरं वाटतं, एवढंच.

"मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही दुसरा माणूस आणला असता," पट्टीसाहेब म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "आता माझं ऐका. खरं बाहेर आलं तर मदत बंद. बारा राखणदार घरी, आणि काठावर पुन्हा अंडीचोरी. चोरी झाली म्हटलं तर मदतकर्ते हळहळतील, उलट वाढवून देतील. एकच माणूस जाईल. तोही म्हातारा. आणि हे..." त्याने अंगठा दाबला. "हे बघा, पुसलं. तुमच्या फोनवरचं तुम्ही पुसा. विषय संपला."

घड्याळात तीन वाजले होते. बाई खिडकीशी गेल्या. सगळीकडे पाणीच पाणी. खरं बोलावं तर बारा घरं बुडणार. गप्प बसावं तर एक माणूस तुरुंगात मरणार. आणि पट्टीसाहेबाच्या डोक्यावर सगळं फोडावं तर? तेही आता सोपं होतं, निरोप पुसलाच होता. त्या तिसऱ्या वाटेचा विचार आपण किती पटकन केला, हे बघून बाईंना स्वतःची शिसारी आली.

६

चारच्या बोटीने वन अधिकारी उतरला. घामाघूम, घाईतला माणूस. बरोबर दोन शिपाई.

"कुठे आहे तुमचा चोर? बोट थांबणार नाही."

"चोरी झाली नाही," बाई म्हणाल्या.

"मग तक्रार कशाला केली?"

"तक्रार खोटी होती. घरटी अठ्ठ्याहत्तरच होती. बावीस आम्ही कागदावर पुरली."

अधिकाऱ्याने डोक्याला हात लावला. "हे तोंडी चालत नाही, बाई. लेखी द्या. सहीनिशी. ती तुमच्या मदतकर्त्यांकडेही जाईल, हे लक्षात घ्या."

बाई कार्यालयाच्या टेबलाशी बसल्या. खड्डे, तापमान, पिशवीतलं अंडं, सगळं एका पानात मावलं. केंद्रप्रमुखाचं काम त्यांनी लिहिलं. मग पेन थांबलं. अधिकारी दारात घड्याळ बघत होता. बाईंनी खाली आणखी एक ओळ लिहिली, 'शंभरचा आकडा पुरा करण्याचा आदेश माझा होता,' आणि सही केली. समोर उभ्या पट्टीसाहेबाने ती ओळ उलट्या बाजूने वाचली आणि खुर्चीत बसून तोंड ओंजळीत घेतलं.

त्याला बाईंबरोबर मुख्य कार्यालयात जावंच लागणार होतं. दोघंही धक्क्याकडे निघाले. मामा कुंपणाजवळ उभा होता, मोकळा. आनंद म्हणावा असं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मामी रडत होती, पण ते रडणं निराळं होतं.

"बाई," मामाने हाक मारली. "आता केंद्र बंद होणार?"

बाईंना खोटं बोलवेना. "बहुतेक."

"पगार?"

"या महिन्यानंतर नसेल बहुधा."

मामाने मान डोलावली. नावाड्याने दोरी सोडली होती.

"मग एक करा. चौथी रांग फुटायला एकोणीस दिवस आहेत. बंद करायचं ते करा, पण तोवर आम्हाला इथनं कुणी उठवू नये. पगाराचं नाही म्हणत. एवढं त्या कागदावर लिहाल का? तोंडी सांगितलेलं माझं कुणी ऐकत नाही."

बाईंनी अधिकाऱ्याकडून कागद मागून घेतला. "अहो, याचा आमच्या खात्याशी काही संबंध नाही," तो करवादला. बाईंनी बोटीच्या काठावर कागद टेकवून दोन ओळी लिहिल्या, पुन्हा सही केली. मामाला वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलंत?"

"घरटी अठ्ठ्याहत्तर," बाईंनी वाचून दाखवलं. "शेवटचं फुटेपर्यंत त्यांच्याजवळ मामाशिवाय कुणी जायचं नाही. आम्हीसुद्धा नाही."